क्रामेटरहोफ : थंड डोंगरावरची कुटुंबशेती

क्रामेटरहोफ ही ऑस्ट्रियातील साल्त्सबुर्ग प्रांताच्या लुंगाऊ भागातली डोंगरशेती. रामिंगश्टाइन गावाजवळच्या तीव्र उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० ते १,५०० मीटर उंचीवर ती पसरली आहे. चहूबाजूंच्या पर्वतांमुळे लुंगाऊच्या खोऱ्यात थंड हवा साचून राहते, म्हणून या भागाला ‘ऑस्ट्रियाचा सायबेरिया’ म्हटले जाते. इथल्या शेतकऱ्यांची भिस्त कुरणे, गुरे आणि स्प्रूसच्या लाकडावर असे.

१९६२ मध्ये सेप होल्त्सर यांनी आईवडिलांची ही शेती हाती घेतली, तेव्हा ते विशीच्या उंबरठ्यावर होते. लहानपणीच त्यांनी उतारावरच्या खडकाळ तुकड्यात बाग करून पाहिली होती. दगड दिवसभर तापतो आणि रात्री हळूहळू निवतो, त्यामुळे त्याच्या कडेचे रोप थंडीत तगते, हे निरीक्षण पुढच्या साऱ्या शेतीचा पाया ठरले.

त्यांनी उतारावर मजग्या काढल्या. वाहून जाणारे पाणी आणि माती तिथे थबकू लागली व लागवडीला सपाट जागा मिळाली. मग तळी आली. त्यांना काँक्रीटचे किंवा प्लॅस्टिकचे अस्तर नव्हते. तळाशी पाणी सोडून खोदयंत्राच्या बकेटने माती हलवली, की बारीक कण खाली बसून तळ घट्ट होई. या तळ्यांत मासे वाढले. शिवाय पाण्यावरून परावर्तित होणारे ऊन काठच्या मजग्यांवर पडे आणि साठलेली उष्णता रात्री आसपासची हवा फार गार होऊ देत नसे.

उंच वाफे हे या शेताचे दुसरे वैशिष्ट्य. लाकडाचे ओंडके आणि फांद्या रचून त्यांवर माती चढवायची आणि दोन्ही बाजूंना उभट उतार ठेवायचा, अशी त्यांची घडण. लाकूड कुजताना थोडी ऊब देते आणि पाणी धरून ठेवते. मात्र ताजे लाकूड सुरुवातीला मातीतले नत्र ओढून घेते, म्हणून नव्या वाफ्यात कोणते पीक घ्यायचे हे विचारपूर्वक ठरवावे लागते. जमीन उकरून भुसभुशीत करण्याचे काम बरेचसे डुकरांवर सोपवलेले असे.

वाट सरळ नव्हती. अळिंबीची लागवड कुटुंबाच्या उत्पन्नाचा मोठा आधार बनली होती, पण १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर किरणोत्साराच्या भीतीने अळिंबीची बाजारपेठ कोसळली. फळझाडांची छाटणी न करण्यासारख्या चालीविरुद्धच्या पद्धतींबद्दल होल्त्सर यांना दंडही सोसावा लागला. एकाच पिकावर विसंबायचे नाही, हे धोरण मात्र पक्के राहिले. फळे, भाज्या, धान्य, मासे आणि जनावरे यांतले एक फसले तर दुसरे घर सावरते.

बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी ऑस्ट्रेलियात पर्माकल्चरची, म्हणजे निसर्गातल्या परस्परसंबंधांवर बेतलेल्या टिकाऊ शेतीची, मांडणी १९७८ मध्ये पुस्तकरूपाने केली. त्याआधी दीड दशकापासून क्रामेटरहोफवर याच विचाराशी जुळणारे काम स्वतंत्रपणे सुरू होते. पर्माकल्चरशी त्याचे नाते पुढे जोडले गेले. शेत वाढत सुमारे ४५ हेक्टरांपर्यंत पोहोचले. २००९ मध्ये ते मुलगा योझेफ आंद्रेआस होल्त्सर यांच्या हाती गेले आणि शेतीबरोबरच तिथे प्रशिक्षणाचे कामही सुरू राहिले.