दुपारी घडी घातलेला दिवस

अलिबागच्या किनाऱ्यावर कॅमेरा घेऊन येणाऱ्यांना एक मोह हमखास होतो. ओहोटीच्या ओल्या वाळूत कुलाबा किल्ल्याची तटबंदी आणि तिचे प्रतिबिंब एकाच चौकटीत पकडायचे! वरचा आणि खालचा भाग एकमेकांना तोलून धरतात. अशा सममित रचनेचा एक गुण छायाचित्रकार चांगला ओळखून असतात. तिचा तोल बिघडवणारी लहानशी गोष्टही, मग ती एखादी होडी असो वा उडता बगळा, चटकन नजरेत भरते.

याच गावात १९०४ पासून पुढे अनेक दशके आणखी एका प्रकारची छायाचित्रे घेतली गेली. त्यांची रचना कोणी ठरवत नसे. तरीही त्यांत सममिती होती, आणि तिचा उपयोगही नेमका हाच होता. आम्ही म्हणतो ती छायाचित्रे चुंबकीय वेधशाळेतील आहेत.

मुंबईत कुलाबा येथे ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा स्थापन केली. तेथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेतले जाऊ लागले. सुरुवातीला निरीक्षक डोळ्यांनी आकडे वाचून वहीत टिपत. रात्रंदिवस हे काम करणे कष्टाचे होते, शिवाय दोन नोंदींच्या मध्ये काय घडले ते कळत नसे. चुंबकाला लेखणी जोडावी, तर तिच्या घर्षणानेच चुंबक अडायचा. यावर १८४० च्या दशकात इंग्लंडमध्ये चार्ल्स ब्रुक आणि फ्रान्सिस रोनाल्ड्स यांनी छायाचित्रणाचा उपाय काढला. बारीक धाग्याने टांगलेल्या चुंबकावर छोटा आरसा बसवायचा. दिव्याचा किरण त्यावरून परावर्तित होऊन, घड्याळाच्या यंत्राने फिरणाऱ्या दंडगोलावरील प्रकाशसंवेदी कागदावर पडतो. किरणाला वजन नाही, म्हणून घर्षणही नाही. आरसा एक अंश वळला तर किरण दोन अंश वळतो; म्हणजे हालचाल मोठी होऊन उमटते. दुसऱ्या, स्थिर आरशामुळे कागदावर सरळ आधाररेषा येते. १८७० च्या दशकात ही पद्धत कुलाब्यातही आली.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे निश्चित झाले. रुळांतून आणि जमिनीतून वाहणारा विद्युतप्रवाह चुंबकीय नोंदी बिघडवणार, हे उघड होते. पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांच्यापुढचा प्रश्न केवळ जागेचा नव्हता. अर्ध्या शतकाहून अधिक काळ चाललेली नोंदींची माळ तुटू द्यायची नव्हती. सुमारे ३० किलोमीटर दूर, कुलाब्याहून तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबागला अचुंबकीय दगडाची नवी वेधशाळा उभारली गेली. सुमारे दोन वर्षे, १९०४ ते १९०६, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. त्यांतील फरक कळला, म्हणूनच जुनी माळ नवीला जोडता आली. १९०७ च्या मे महिन्यात मुंबईत विजेची ट्राम धावली. १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील नोंदींचे ग्रंथ प्रसिद्ध केले.

आता त्या कागदांवरील आकृतीकडे वळू. अलिबागला चुंबकीय क्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकाचे मूल्य साधारण ३८ हजार नॅनोटेस्ला आहे. शांत दिवशी त्यात काही दशक नॅनोटेस्लांचाच चढउतार होतो. रात्री रेषा जवळजवळ सपाट असते, सकाळी चढते, मध्यान्हाच्या सुमारास माथा गाठते आणि पुन्हा उतरते. कागदाची दुपारी घडी घातली, तर दोन बाजू ढोबळमानाने जुळतात. दिक्पाताची, म्हणजे चुंबकसूचीच्या पूर्व-पश्चिम कलाची, रेषा मात्र वेगळी वागते. सूची सकाळी पूर्वेकडे झुकते, दुपारनंतर पश्चिमेकडे. इथे घडी घातल्यावर टेकडीसमोर दरी येते. गणितात पहिलीला सम, दुसरीला विषम सममिती म्हणता येईल.

याचे कारण आकाशात आहे. बाल्फोर स्ट्युअर्ट यांनी १८८२ मध्ये सुचवले की, वातावरणाच्या वरच्या थरांत विद्युतप्रवाह वाहत असावेत. आज आपण जाणतो की, सूर्यप्रकाशाने आयनीभूत झालेल्या थरात, दिवसाच्या बाजूस, प्रवाहांचे दोन प्रचंड भोवरे असतात. उत्तर गोलार्धातला घड्याळाच्या उलट, तर दक्षिणेतला सुलट फिरतो. जणू एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे. अलिबाग उत्तरेकडील भोवऱ्याच्या केंद्राच्या दक्षिणेस येते. मध्यान्ही डोक्यावरचा प्रवाह पूर्वेकडे वाहतो व खाली उत्तरेकडील क्षेत्र वाढवतो. सकाळी भोवऱ्याची पश्चिम बाजू डोक्यावर असते, दुपारनंतर पूर्व बाजू. तेथील प्रवाह परस्परविरुद्ध, म्हणून सूचीचा कलही विरुद्ध.

चुंबकीय वादळाच्या दिवशी हा तोल मोडतो. रेषा काही तासांत खोल कोसळते आणि सावरायला तिला कित्येकदा दिवस लागतात. सप्टेंबर १८५९ च्या वादळात कुलाब्याच्या निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून टिपलेली घसरण सुमारे १६०० नॅनोटेस्ला होती. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना प्रभृतींनी या नोंदींवरून त्या वादळाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांचे मोल जगापुढे आले. असे वादळ आज आले तर वीजजाळी व उपग्रह धोक्यात येतील. त्याची तीव्रता किती असू शकते, हे जुन्या वहीतले आकडेच सांगतात.

शिक्षकांनी वर्गात शांत आणि वादळी दिवसाचे आलेख बटरपेपरवर गिरवून घ्यावेत व मध्यान्हाच्या रेषेवर घडी घालायला सांगावे. शांत दिवशीही घडी तंतोतंत जुळणार नाही. माथा बऱ्याचदा बारा वाजण्याआधीच येतो. तो का, हा प्रश्न विद्यार्थ्यांनीच विचारला तर उत्तम.