पावसानें भिजलेला ससाणा

इ. स. १८९९ च्या सप्टेंबरची ३० वी तारीख. इंग्लंडांतील लेस्टरशायर परगण्यांत स्टॅनफर्ड हॉल या वाड्याच्या आवारांत कांहीं प्रतिष्ठित पाहुणे जमले होते. पर्सी पिल्चर नांवाचा बत्तीस वर्षांचा इंजिनियर त्यांना आपलें नवें विमान दाखविणार होता. त्यास एकावर एक असे तीन पंख होते, आणि त्याकरितां लहानसें एंजिनहि पिल्चरनें तयार करविलें होतें. परंतु थोड्याच दिवसांपूर्वी त्या एंजिनाचा क्रँकशाफ्ट मोडला. दूरवरून आलेल्या मंडळींस तसेंच परत पाठविणें जिवावर येऊन त्यानें आपला जुना ग्लायडर बाहेर काढला. त्याचें नांव 'हॉक', म्हणजे ससाणा. हवा पावसाळी होती, आणि ससाण्याचें कापड भिजून जड झालेलें होतें.

पिल्चरचा जन्म १८६७ सालीं बाथ शहरीं झाला. लहानपणींच तो आरमारांत शिरला, आणि तेथून बाहेर पडल्यावर कांहीं काळानें ग्लासगो विद्यापीठांत नौकाबांधणीचा साहाय्यक अध्यापक झाला. १८९५ सालीं त्यानें पहिला ग्लायडर बांधला. त्याच्या पंखांचें कापड त्याच्या बहिणीनें, एलानें, शिवलें. त्याच वर्षीं तो बर्लिनला जाऊन ओटो लिलिएन्थाल या थोर जर्मन उड्डाणवीरास भेटला. लिलिएन्थाल हा केवळ उडणारा नव्हे, विकणाराहि होता. वाळुंजाच्या काठ्या व सुती कापड यांचा, घडी घालतां येणारा आपला ग्लायडर तो ५०० मार्कांस देत असे. मॉस्कोचे प्राध्यापक झुकोव्हस्की आणि अमेरिकेचे वृत्तपत्रमालक हर्स्ट हे त्याच्या गिऱ्हाइकांपैकीं होते. पिल्चरनेंहि १८९६ सालीं एक विकत घेतला. तयार ग्लायडर पैसे मोजून घेण्याचा व्यवहार येथूनच सुरू झाला असें म्हणण्यास हरकत नाहीं. त्याच वर्षीं ऑगस्टच्या ९ तारखेस लिलिएन्थाल उड्डाण करतांना कोसळला आणि दुसऱ्या दिवशीं मरण पावला.

पिल्चर डगमगला नाहीं. सुमारें ५० पौंड वजनाच्या, खालीं चाकें लावलेल्या ससाण्यावरून १८९७ च्या जूनमध्यें केंट परगण्यांतील आइन्सफर्ड येथें त्यानें सुमारें २५० यार्डांची मजल मारली. म्हणजे हें यंत्र कांहीं कच्चें नव्हतें. दोन वर्षें त्यानें त्याच्यावर जीव टाकला होता, आणि यंत्रानें त्यास दगा दिला नव्हता. स्टॅनफर्ड हॉलच्या हिरवळीवर घोडे दोर ओढूं लागले. पहिला प्रयत्न फसला. नंतर ससाणा वर उठला, सुमारें ३० फुटांपर्यंत गेला, आणि एकाएकीं शेपटाचा सांगाडा मोडून तो खालीं आला. पिल्चर शुद्धीवर आलाच नाहीं. २ ऑक्टोबरला त्याचा अंत झाला.

हें कसें घडलें? पावसांत भिजलेली सुती दोरी ताठ होते, हें प्रत्येक घरीं ठाऊक असतें. धागा पाणी पिऊन जाड होतो, आणि जाडी वाढली कीं पीळ त्याला लांबींत आखडून घेतो. ससाण्याच्या शेपटाचें कापड असेंच आखडलें, भिजल्यानें त्याचें वजन वाढलें, आणि दोन्ही भार बारीक दांड्यांवर पडले, असा जाणकारांचा निष्कर्ष झाला. तें कापड वाळेपर्यंत थांबणें एवढाच त्यावर उपाय होता. पण पाहुणे खोळंबले होते.

लांकूड मात्र एका दिवसाच्या पावसानें दुबळें होत नाहीं. त्यास महिने लागतात, आणि म्हणूनच पुढच्या पिढीच्या ग्लायडरांचा शत्रु अधिक कपटी ठरला. १९२० सालापासून जर्मनींतील वासरकुप्पे डोंगरावर विनाएंजिन उड्डाणांच्या स्पर्धा भरूं लागल्या. १९२१ च्या 'व्हांपायर' ग्लायडरांत पंखाच्या पुढच्या धारेस प्लायवुडची बंद पेटी आली. अशा पेट्या केसीनच्या सरसानें चिकटविल्या जात. केसीन म्हणजे दूध नासवून काढलेला चोथाच. त्यांत चुना मिसळून सरस होतो. कोरडा असेपर्यंत तो लांकडाइतका बळकट. पण दीर्घकाळ ओला राहिला कीं मऊ पडतो आणि बुरशीस तें अन्न होतें. लांकडांतील पाण्याचें प्रमाण शेंकडा २० च्या वर राहूं लागलें, कीं लांकूडहि कुजूं लागतें. १९३७ सालीं इंग्लंडांत डी ब्रुइन यांनीं युरियापासून कृत्रिम सरस काढला. तो पाण्यास अधिक टिकतो खरा, पण उष्णता आणि दमटपणा वर्षानुवर्षें सोसून तोहि ठिसूळ होतो.

म्हणूनच जुना लांकडी ग्लायडर घेणारा अनुभवी मनुष्य प्रथम रंगाकडे पाहत नाहीं. तो आंत नाक घालतो. बंद पेटींत कुबट वास आला, कीं पुढील तपासणी दुप्पट कडक होते. मग दिवा आणि छोटा आरसा घेऊन तो पंखाच्या फासळ्या पाहतो. सांध्यांवर काळे डाग आहेत काय, खिळ्यांभोंवतीं गंजाची तांबूस छटा आहे काय, हें न्याहाळतो. प्लायवुडवर बोटाच्या पेरानें टिचकी मारल्यास निकोप जागीं टणक आवाज येतो, आणि सुटलेल्या जागीं बद्द. पाणी खालीं उतरतें, म्हणून शेपटाकडील तळ आणि पाणी निघण्यासाठीं ठेवलेलीं बारीक भोकें अवश्य पाहावयाचीं असतात. मागच्या दुरुस्तीच्या वेळीं एखादें भोक रंगानें बुजलें असेल, तर त्यामागें वर्षानुवर्षांचा ओलावा दडलेला असावयाचा. कापड थोडें उसवून आंत पाहूं देण्यास विक्रेता नाखूष असतो. पण तेवढ्यावरून सौदा मोडला तरी तो मोडलेलाच बरा.

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें १३,००० हून अधिक वाको ग्लायडर बांधले. युद्ध संपल्यावर ते मातीमोलानें विकले गेले. त्यांतील कित्येक लोकांनीं घेतले ते केवळ ज्या खोक्यांत ते भरलेले असत त्यांच्या उत्तम लांकडासाठीं. ग्लायडर मात्र फेंकून दिला! त्या खरेदीदारांस तपासणीची दगदग पडली नाहीं, एवढें खरें.

सांभाळण्यांत होणारी मोठी चूक म्हणजे ओला ग्लायडर मेणकापडांत घट्ट गुंडाळणें. दिवसा उन्हानें आंतील पाण्याची वाफ होते, रात्रीं तीच थंड आवरणाला लागून थेंब धरते, आणि पंख पुन्हां भिजतात. त्यापेक्षां पुसून कोरडा करून, जमिनीपासून उंच, वारा खेळत्या छपराखालीं ठेवलेला ग्लायडर अधिक टिकतो. १९५७ मध्यें जर्मनींत 'फोनिक्स' हा कांचतंतूंचा पहिला ग्लायडर उडाला. पण त्याच्या कवचाच्या आंतहि बाल्सा लांकूड होतें. कवचाला तडा गेला, कीं पाणी तेथेंहि शिरतें.

पिल्चरचा मोडलेला ससाणा पुढें दुरुस्त करण्यांत आला, आणि आज तो स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रहीं आहे. त्याच्या तीन पंखी विमानाची प्रतिकृति, कांहीं सुधारणा करून, २००३ सालीं इंग्लंडांत उडविली गेली. ती १ मिनिट २६ सेकंद हवेंत राहिली. राइट बंधूंचें १७ डिसेंबर १९०३ चें सर्वांत लांब उड्डाण ५९ सेकंदांचें होतें.