उत्क्रांती की निर्मिती? डोव्हरचा खटला आणि ख्रिस्तसभेची शिकवण

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या २०१८ सालच्या पुस्तकात, दुसऱ्या भागातील पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. आठवडाभर शाळेत असा धडा शिकणारी मुले रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात येतात, तेव्हा सहा दिवसांची सृष्टीनिर्मिती, मातीपासून घडविलेला आदाम आणि एदेन बाग यांची कथा त्यांच्यासमोर असते. मग एखादे मूल विचारतेच, "यांतले खरे कोणते?"

या प्रश्नाला घाईने दिलेले उत्तर महागात पडू शकते. 'विज्ञान खोटे आहे' असे सांगितले, तर तेच मूल पुढे महाविद्यालयात पुरावे पाहील आणि ज्यांनी विज्ञानाविषयी चुकीचे सांगितले त्यांनी देवाविषयी तरी खरे सांगितले असेल का, अशी शंका त्याच्या मनात येईल. 'त्या सगळ्या जुन्या काळच्या गोष्टी' असे म्हटले, तर पवित्र शास्त्रच त्याच्या हातून सुटेल. म्हणून हा वाद काय आहे, तो कोठून आला आणि ख्रिस्तसभा त्याविषयी काय शिकविते, याची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

शब्दांचे अर्थ

उत्क्रांती म्हणजे सजीवांच्या जातींमध्ये पिढ्यानपिढ्या होत गेलेला बदल. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ साली 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथात या बदलामागील मुख्य कारण मांडले. एकाच जातीतील जीवांमध्ये लहानमोठे फरक असतात. ज्यांचे फरक परिस्थितीला अनुकूल ठरतात ते अधिक तगतात व त्यांची संतती वाढते. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. क्षयरोगाचे औषध अर्ध्यावर सोडू नका, असे डॉक्टर बजावतात, त्याचे कारणही हेच आहे. औषधाला दाद न देणारे जंतू तेवढे उरतात आणि त्यांचीच पैदास होते.

'माणूस माकडापासून झाला' असे विज्ञान म्हणत नाही. मानव आणि चिंपांझी यांचे पूर्वज साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी एक होते व नंतर त्यांच्या शाखा निराळ्या झाल्या, असे विज्ञान म्हणते. आजची माकडे आपले आजोबा नव्हेत. नाते लावायचेच तर ती दूरची भावंडे होत.

निर्मितिवाद हा शब्दही नीट समजून घेतला पाहिजे. परमेश्वर या विश्वाचा निर्माणकर्ता आहे, ही निर्मितीवरील श्रद्धा सर्व ख्रिस्ती लोकांची आहे आणि दर रविवारी मिस्सामध्ये आपण ती प्रकट करतो. निर्मितिवाद त्याहून वेगळा आहे. देवाने सर्व जाती आज आहेत तशाच स्वतंत्रपणे घडविल्या, आणि अनेक निर्मितिवाद्यांच्या मते तेही सहा ते दहा हजार वर्षांपूर्वी, असे तो अक्षरशः मानतो. विज्ञानानुसार विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे व पृथ्वीचे सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. आपल्या मानवजातीचे सर्वांत जुने ज्ञात अवशेष मोरोक्को देशात सापडले असून ते सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे आहेत.

अमेरिकेतील न्यायालयांत

हा वाद सर्वाधिक पेटला तो अमेरिकेत, तेथील काही प्रोटेस्टंट पंथांमध्ये. टेनेसी राज्याने १९२५ साली सरकारी शाळांत मानवी उत्क्रांती शिकविण्यास बंदी घातली. त्याच वर्षी डेटन गावात जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला होऊन त्याला शंभर डॉलर दंड झाला. पुढे तांत्रिक कारणावरून ती शिक्षा रद्द झाली, पण कायदा १९६७ पर्यंत टिकला. १९६८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा बंदीला घटनाबाह्य ठरविले. उत्क्रांतीबरोबर निर्मितिवादही शिकवावा, अशी सक्ती करणारा लुइझियाना राज्याचा कायदा याच न्यायालयाने १९८७ साली रद्द केला.

त्यानंतर 'इंटेलिजंट डिझाइन' म्हणजे बुद्धिपूर्वक रचना हा विचार पुढे आला. सजीवांमधील काही यंत्रणा इतक्या गुंतागुंतीच्या आहेत की त्या टप्प्याटप्प्याने निर्माण होणे शक्य नाही, त्यामागे कोणीतरी बुद्धिमान रचनाकार असलाच पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद होता. हा रचनाकार म्हणजेच देव, असे मात्र मुद्दाम म्हटले जात नसे.

डोव्हरचा खटला

पेन्सिल्व्हेनिया राज्यातील डोव्हर या गावाच्या शाळा मंडळाने ऑक्टोबर २००४ मध्ये ठराव केला की, नववीच्या विद्यार्थ्यांना डार्विनच्या सिद्धांतातील उणिवा आणि बुद्धिपूर्वक रचनेचा पर्याय यांची जाणीव करून द्यावी. त्यासाठी वर्गात वाचावयाचे एक निवेदन तयार झाले. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचण्यास नकार दिला, तेव्हा प्रशासनातील अधिकाऱ्यांनी वर्गात येऊन ते वाचले. अकरा पालक न्यायालयात गेले.

सप्टेंबर २००५ पासून सहा आठवडे सुनावणी चालली. ग्रंथालयात ठेवलेल्या 'ऑफ पांडाज अँड पीपल' या पुस्तकाची जुनी हस्तलिखिते न्यायालयासमोर आली. १९८७ च्या निकालानंतर त्यांत 'निर्मिती' या शब्दाच्या जागी 'बुद्धिपूर्वक रचना' हा शब्द घातला गेल्याचे उघड झाले. २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानांचा निकाल दिला : बुद्धिपूर्वक रचना हे विज्ञान नव्हे आणि ते सरकारी शाळेत शिकविणे घटनेविरुद्ध आहे. मात्र उत्क्रांतीचा सिद्धांत देवावरील श्रद्धेच्या विरोधात आहे, हे गृहीतकही न्यायाधीशांनी चुकीचे ठरविले. निकालापूर्वीच, नोव्हेंबरमधील निवडणुकीत, मतदारांनी ठरावाचे समर्थन करणाऱ्या उमेदवारांना नाकारले होते. शाळा मंडळाला दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली.

साक्षीदार कॅथोलिक होते

आमच्या वाचकांच्या दृष्टीने या खटल्यातील एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. पालकांच्या बाजूने पहिली साक्ष देणारे ब्राउन विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर हे श्रद्धावान कॅथोलिक आहेत. बुद्धिपूर्वक रचनेच्या बाजूने साक्ष देणारे लीहाय विद्यापीठातील जीवरसायनशास्त्रज्ञ मायकल बिही हेदेखील कॅथोलिकच. बिही पृथ्वी प्राचीन आहे हे मानतात आणि सजीवांचे पूर्वज समान असल्याचेही नाकारत नाहीत. त्यांचा आक्षेप एवढाच होता की, जिवाणूच्या शेपटीसारख्या यंत्रणा नैसर्गिक निवडीने घडू शकत नाहीत. न्यायालयाला त्यांचा युक्तिवाद पटला नाही.

मिलर यांनी एक पुरावा सोप्या शब्दांत मांडला. मानवात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, तर चिंपांझी, गोरिला आणि ओरँगउटान यांच्यात २४. पूर्वज एक असतील, तर मानवाची एक जोडी कोठे गेली? ती नाहीशी झालेली नाही. मानवाचे दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र म्हणजे पूर्वीची दोन गुणसूत्रे टोकांना जोडली जाऊन झालेले एक गुणसूत्र आहे. एरवी केवळ टोकांना आढळणाऱ्या खुणा त्याच्या मध्यभागी सापडतात.

तिसरे कॅथोलिक साक्षीदार होते जॉर्जटाउन विद्यापीठातील ईशज्ञानाचे अभ्यासक जॉन हॉट. त्यांनी चहाच्या आधणाचे उदाहरण दिले. आधण का उकळते आहे? पाण्याचे रेणू वेगाने हलत आहेत म्हणून. कोणीतरी गॅस पेटविला आहे म्हणून. आणि कोणाला तरी चहा हवा आहे म्हणून. तिन्ही उत्तरे एकाच वेळी खरी आहेत. एक दुसऱ्याची जागा घेत नाही. रेणूंचा कितीही अभ्यास केला, तरी चहा कोणाला हवा आहे हे त्यातून कळणार नाही. त्याचप्रमाणे चहा कोणाला हवा आहे हे ठाऊक असले, म्हणून रेणूंचा अभ्यास खोटा ठरत नाही.

ख्रिस्तसभेची वाटचाल

पंधराशे वर्षांहून अधिक काळापूर्वी संत ऑगस्टीन यांनी उत्पत्तीच्या ग्रंथावर भाष्य लिहिताना इशारा दिला होता. ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्राच्या नावाखाली निसर्गाविषयी चुकीचे बोलू लागला, तर जाणकार परधर्मीय हसतील आणि पुनरुत्थानाविषयीच्या त्याच्या बोलण्यावरही विश्वास ठेवणार नाहीत.

असे असले तरी ख्रिस्तसभेची वाटचाल नेहमीच सरळ होती, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. डार्विन यांचा 'ओरिजिन' हा ग्रंथ रोमच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत कधीच नव्हता आणि संत जॉन हेन्री न्यूमन यांना १८६८ सालीच या सिद्धांताला नास्तिक मानण्याचे कारण दिसले नाही. परंतु फादर जॉन झाम यांच्या 'इव्होल्यूशन अँड डॉग्मा' या ग्रंथावर १८९८ साली रोममध्ये बंदीचा निर्णय झाला. तो जाहीर मात्र करण्यात आला नाही. दुसरीकडे, आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगोर मेंडेल हे ऑगस्टिनियन संन्यासी होते आणि प्रसरण पावणाऱ्या विश्वाचा सिद्धांत १९२७ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथोलिक धर्मगुरू होते.

पोप पायस बारावे यांनी १९५० सालच्या 'ह्युमानी जेनेरिस' या परिपत्रकात, मानवी शरीर पूर्वीच्या सजीव द्रव्यातून आले काय, याचे संशोधन व चर्चा करण्यास तज्ज्ञांना मोकळीक दिली. आत्मा मात्र परमेश्वर स्वतः निर्माण करतो, असे बजावले. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी २२ ऑक्टोबर १९९६ रोजी परमधर्मपीठाच्या विज्ञान अकादमीला पाठविलेल्या संदेशात, उत्क्रांती ही आता केवळ गृहीतक राहिलेली नाही, असे मान्य केले. निर्मिती आणि उत्क्रांती यांपैकी एकच निवडावे लागेल असे भासविणे निरर्थक आहे, असे पोप बेनेडिक्ट सोळावे २००७ साली म्हणाले. मात्र हे सर्व मुळात आले कोठून, या प्रश्नाचे उत्तर उत्क्रांतीपाशी नाही, हेही त्यांनी सांगितले. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ साली याच अकादमीसमोर स्पष्ट केले की, देव हा जादूची कांडी फिरविणारा जादूगार नव्हे.

उत्पत्तीचा ग्रंथ कसा वाचावा

उत्पत्तीच्या ग्रंथात निर्मितीची दोन वर्णने आहेत. पहिल्या अध्यायात वनस्पती, प्राणी आणि शेवटी मानव असा क्रम आहे; दुसऱ्या अध्यायात मानव आधी घडतो, मग बाग आणि प्राणी. शिवाय पहिल्या अध्यायात प्रकाश पहिल्या दिवशी, तर सूर्य चौथ्या दिवशी निर्माण होतो. ज्यांनी ही दोन्ही वर्णने शेजारी शेजारी ठेवली, त्यांना घटनांची वेळापत्रके लिहावयाची नव्हती, हे उघड आहे. शेजारची राष्ट्रे सूर्यचंद्रांना देव मानून भजत होती. उत्पत्तीचा लेखक त्यांची नावेही घेत नाही, त्यांना दोन ज्योती म्हणून आपापल्या कामाला लावतो. विश्व एका देवाचे आहे, ते चांगले आहे आणि प्रत्येक स्त्रीपुरुष देवाच्या प्रतिमेत घडलेला आहे, हे त्याला सांगावयाचे होते.

कोठे थांबावे

ख्रिस्तसभा विज्ञानाला मोकळीक देते, तेव्हा तीन गोष्टी ती सोडीत नाही. पहिली, अस्तित्वात असलेले सर्व काही परमेश्वरावर अवलंबून आहे. दुसरी, प्रत्येक माणसाचा आत्मा ही देवाची थेट निर्मिती आहे. आईवडील शरीर देतात, आत्मा देव देतो. तिसरी, सर्व मानवजात एक आहे आणि पापाने ती आरंभापासून जखमी आहे. धर्मशिक्षणग्रंथ सांगतो की, पतनाची कथा प्रतिमांच्या भाषेत आहे, पण ती मानवी इतिहासाच्या आरंभी खरोखर घडलेली घटना सांगते.

एक प्रश्न अजून खुला आहे. आपले पूर्वज केवळ दोघे नसून हजारोंचा समूह होता, असे बहुतेक आनुवंशिकीतज्ज्ञांचे मत आहे. आदिपापाच्या शिकवणीशी याचा मेळ कसा घालावा, हे पोप पायस बारावे यांना दिसत नव्हते. २००४ साली आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने आद्य मानव व्यक्ती होत्या की समूह, याचा निर्णय न देता दोन्ही शक्यतांचा उल्लेख केला. ईशज्ञान यावर अजून विचार करीत आहे.

विज्ञानाच्या नावाखाली होणारा अतिरेकही आपण ओळखला पाहिजे. 'उत्क्रांती आहे, म्हणून देव नाही' हे विधान कोणत्याही प्रयोगशाळेत सिद्ध झालेले नाही. ते तत्त्वज्ञान आहे, आणि त्याला उत्तर तत्त्वज्ञानानेच द्यावे लागते.

आपल्याकडे

हा वाद आता केवळ अमेरिकेचा राहिलेला नाही. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी, वानराचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही, म्हणून डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, असे विधान केले. देशातील तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्यास विरोध केला. २०२३ साली राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेल्यावर अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी खुले पत्र लिहून तो परत घेण्याची मागणी केली. या प्रसंगी कॅथोलिक पालकांनी कोणत्या बाजूला असावे, याविषयी शंका नसावी. आपल्या मुलांना उत्क्रांतीचा धडा नीट शिकविला जावा, असेच आपण म्हटले पाहिजे.

मग त्या मुलाला काय सांगावे? शाळेतला धडा मन लावून शिकायला सांगावे आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय त्याच्याबरोबर बसून वाचावा. जीव कसे बदलत गेले, हे पहिल्यातून कळते. हे सारे कोणाचे आहे आणि आपण कोणाचे आहोत, हे दुसऱ्यातून कळते. आणि त्याने आणखी काही विचारले व आपणास उत्तर ठाऊक नसले, तर तसे मोकळेपणाने सांगून दोघांनी मिळून शोधावे. सत्य शोधणाऱ्या मुलाला परमेश्वरापासून दूर जाण्याचे भय नाही. सत्यही त्याचेच आहे.