पाणबुडीचे खोली-नियंत्रण

पाणबुडीचे खोली-नियंत्रण : बुडालेली पाणबुडी इष्ट खोलीवर राखण्याची तंत्रविद्या. बॅलास्ट टाक्यांत पाणी घेतले की पाणबुडी बुडते व संपीडित हवेने ते बाहेर लोटले की वर येते, हे सर्वपरिचित आहे. खरी अडचण मधल्या अवस्थेची आहे. तेथे पाणबुडीचे वजन व तिने बाजूस सारलेल्या पाण्याचे वजन समान ठेवावे लागते आणि हा समतोल अस्थिर असतो. पाणबुडी थोडी खाली गेली, तरी वाढत्या दाबाने कवच किंचित आवळले जाते, उत्प्लावक प्रेरणा घटते व ती आणखी खाली जाऊ लागते.

डेव्हिड बुशनेल यांच्या ‘टर्टल’ या एकासनी पाणबुडीत (१७७६) चालक पायाने झडप उघडून पाणी आत घेई व हातपंपाने ते बाहेर टाकी. वरखाली होण्यासाठी तिला एक मळसूत्री पंखाही होता. अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी हेलकावल्याने गुरुत्वमध्य ढळतो, हा दोष जॉन फिलिप हॉलंड (१८४१–१९१४) यांनी दूर केला. मुख्य टाक्या पूर्ण भरून, किंचित उत्प्लावन शिल्लक ठेवून, चालती पाणबुडी आडव्या सुकाण्यांनी खाली नेण्याची त्यांची पद्धत होती. अमेरिकेच्या नौदलाने त्यांची पाणबुडी १९०० मध्ये विकत घेतली. म्हणजे खोली राखण्याचे काम टाक्यांपेक्षा गतीवर अधिक अवलंबून असते.

ही गती गेल्यास काय होते, ते ‘थ्रेशर’ या अमेरिकी पाणबुडीच्या अपघातात (१० एप्रिल १९६३) दिसले. खोल बुडीच्या चाचणीत तिची अणुभट्टी बंद पडली. संपीडित हवेतील बाष्प गोठून नळ्यांतील गाळण्या तुंबल्या व टाक्या रिकाम्या झाल्या नाहीत, असे नंतरच्या चाचण्यांवरून अनुमान काढण्यात आले. तीवरील सर्व १२९ जण मृत्यू पावले.

भारतात बांधलेली पहिली पाणबुडी ‘शल्की’ मुंबईच्या माझगाव गोदीत तयार होऊन ७ फेब्रुवारी १९९२ रोजी नौदलात दाखल झाली. पाण्याखाली तिचे विस्थापन सु. १,८५० टन भरते. त्यामुळे पाण्याची घनता हजारांश भागाने बदलली, तरी तिच्यावरील उत्प्लावन सु. १.८५ टनांनी बदलते. खाऱ्या अरबी समुद्रातून गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पाण्याने सौम्य झालेल्या बंगालच्या उपसागरात शिरणाऱ्या कोणत्याही पाणबुडीला म्हणूनच पाणी बाहेर टाकून नव्याने तोल साधावा लागतो. सर्व उपाय थकल्यास कर्मचाऱ्यांना पृष्ठभागी नेणारा, सु. ४० जण सामावणारा बचाव गोलक ‘शल्की’च्या कवचातच बसविलेला आहे.