ज्यू वंशसंहाराचे अध्यापन : भंडारा जिल्हा व विदर्भ

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी जर्मनी आणि तिच्या साथीदारांनी युरोपातील सुमारे ६० लाख ज्यूंना ठार मारले. त्यांत सुमारे १५ लाख मुले होती. हा इतिहास (होलोकॉस्ट, हिब्रूत शोआ) शाळेत आणि शाळेबाहेर कसा शिकवला जातो, आणि भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात तो शिकवायचा तर हाताशी काय आहे, याची ही नोंद. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १ नोव्हेंबर २००५ च्या ठरावाने २७ जानेवारी हा स्मृतिदिन ठरवला व सदस्य देशांना हा विषय शिकवण्याचे आवाहन केले. १९४५ साली याच दिवशी सोव्हिएत फौजा आउशवित्झच्या छावणीत पोहोचल्या होत्या. आपल्याकडे ही तारीख झेंडावंदनाच्या दुसऱ्या दिवशी येते, तेव्हा ती शाळांच्या ध्यानात राहणे अवघडच.

अभ्यासक्रम. भंडारा, तुमसर वा साकोलीच्या शिक्षकाला जिल्ह्याचे असे वेगळे पुस्तक नसते. राज्य मंडळाचे किंवा एनसीईआरटीचे जे असेल ते. एनसीईआरटीच्या २००६ मधील नववीच्या पुस्तकात नाझीवादावर एक संपूर्ण प्रकरण होते. न्यूरेंबर्गचे कायदे, नाझी शाळांतील शिकवण, छळछावण्या आणि शेवटी गांधीजींची हिटलरला लिहिलेली पत्रे असा त्याचा पल्ला होता. राज्य मंडळाच्या २०१७ च्या नववीच्या पुस्तकाने मात्र स्वातंत्र्योत्तर भारत घेतला, २०१८ च्या दहावीच्या पुस्तकाने उपयोजित इतिहास, आणि महायुद्ध बारावीच्या 'जागतिक महायुद्धे आणि भारत' या प्रकरणावर गेले. म्हणजे राज्य मंडळातून दहावी होऊन विज्ञान किंवा आयटीआय धरणाऱ्या मुलाच्या वाट्याला हा इतिहास वर्गात येतच नाही. हिटलर मात्र त्याला ठाऊक असतो.

सेगावचा लेख. या विषयाचा एक मोठा दस्तऐवज विदर्भातच लिहिला गेला, ही गोष्ट विदर्भातल्या वर्गांत फारशी वापरली जात नाही. ९-१० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीत सिनेगॉग जाळली गेली, ज्यूंची दुकाने फोडली गेली. १५ नोव्हेंबरला उरल्यासुरल्या ज्यू मुलांना जर्मन शाळांतून काढून टाकण्याचा हुकूम निघाला. त्यानंतर पाचच दिवसांनी, २० नोव्हेंबरला, वर्ध्याजवळच्या सेगावात (आजचे सेवाग्राम) गांधीजींनी ज्यूंवर लेख लिहिला. तो २६ नोव्हेंबरच्या 'हरिजन'मध्ये आला. आपली सगळी सहानुभूती ज्यूंकडे आहे, जर्मनीतल्या छळाला इतिहासात तोड नाही, मानवतेसाठी एखादे युद्ध न्याय्य ठरणार असेल तर ते जर्मनीविरुद्धचे ठरेल, इथवर ते आले. पण युद्धावर त्यांचा विश्वासच नव्हता, म्हणून त्यांनी जर्मन ज्यूंना सत्याग्रहाचा मार्ग सुचवला. पॅलेस्टाइन अरबांचे आहे, हेही त्याच लेखात आहे.

या लेखाला उत्तर म्हणून जेरुसलेमहून ज्यू विचारवंत मार्टिन बूबर आणि ज्यूडा मॅग्नेस यांनी फेब्रुवारी १९३९ मध्ये दीर्घ पत्रे पाठवली. जुलमी सत्तेपुढे कोणी पाहायलाच उरत नसेल, बळीचे नावही कोणाला कळत नसेल, तर सत्याग्रह कोणापुढे करायचा, हा बूबर यांच्या म्हणण्याचा गाभा होता. त्यांना गांधीजींचे उत्तर मिळाले नाही. २३ जुलै १९३९ ला वर्ध्याचाच पत्ता घालून गांधीजींनी हिटलरला 'प्रिय मित्र' असे संबोधून पत्र लिहिले, २४ डिसेंबर १९४० ला दुसरे. दोन्ही इंग्रज सरकारने पुढे जाऊ दिली नाहीत. बर्लिनमध्ये शिक्षिका असलेल्या ज्यू मार्गारेट स्पीगल १९३३ मध्ये गांधीजींच्या आश्रमात आल्या; तिथे त्या 'अमला' झाल्या. विदर्भातल्या शाळांच्या सहली सेवाग्रामला जातात. बापू कुटीत चरखा, काठी, चष्मा दाखवून मुलांना बसमध्ये बसवले जाते. त्याच जागी हा लेख आणि बूबर यांचे उत्तर शेजारी ठेवून वाचले, तर एका तासात जितकी चर्चा होईल तितकी कोणत्याही तक्त्याने होणार नाही.

आंबेडकरांची तुलना. सेगावच्या त्या लेखात गांधीजींनी ज्यूंना ख्रिस्ती जगाचे अस्पृश्य म्हटले होते. पाच वर्षांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हीच उपमा उलट बाजूने वापरली. अस्पृश्यांच्या मुक्तीवरील १९४३ च्या इंग्रजी पुस्तिकेत, नाझींचा ज्यूद्वेष आणि सनातन्यांची अस्पृश्यांशी वागणूक यांत विचाराने वा परिणामाने फरक नाही, असे त्यांनी लिहिले. एकाने जर्मनीकडे पाहताना घरचा दाखला घेतला, दुसऱ्याने घराकडे पाहताना जर्मनीचा. भंडाऱ्यात या दुसऱ्या वाचनाला श्रोता आयता आहे. १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक बाबासाहेबांनी इथूनच लढवली आणि हरले, हे वस्त्या-वस्त्यांत माहीत आहे. ज्यू मुलांना वर्गात वेगळे बसवत, हे वाचले की इथल्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही.

तुलनेचा धोकाही इथेच आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. वर्गात या हत्याकांडाशी तुलनेचा प्रश्न निघणारच, आणि तो दाबू नये. पण राज्ययंत्रणेने नोंदवह्या, रेल्वेची वेळापत्रके आणि कारखान्यासारखी छावणी उभारून एक संपूर्ण लोकसमूह संपवणे, आणि गावाने केलेला जातीय अत्याचार, या दोन गोष्टींची कारणे व यंत्रणा वेगवेगळ्या आहेत. 'सगळे सारखेच' म्हटल्याने दोन्हींचा अभ्यास थांबतो.

महाराष्ट्रातील इतर साधने. आकाशवाणीची ओळखधून वाल्टर कौफमान यांच्या नावावर आहे. कार्ल्सबाडचे हे ज्यू संगीतकार १९३४ मध्ये मुंबईत आले आणि १९४६ पर्यंत राहिले. आजोबांच्या रेडिओवर ऐकलेल्या त्या धूनमागे एक निर्वासित आहे, हे सांगितले की आठवीचा वर्ग कान टवकारतो. अशा निर्वासितांच्या मदतीसाठी मुंबईत १९३४ मध्ये 'ज्यूइश रिलीफ असोसिएशन' स्थापन झाली. युद्ध पेटताच इंग्रजांनी हिटलरपासून पळून आलेल्या जर्मन ज्यूंनाही शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून पकडले आणि अहमदनगरच्या छावणीत डांबले. हा भाग सहसा वगळला जातो.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीचा (१९४३–१९४८) उल्लेख भाषणांत अनेकदा होलोकॉस्टच्या संदर्भात होतो. तो जपून करावा. तिथले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित बहुतांशी कॅथलिक होते आणि सोव्हिएत सत्तेने सैबेरियात हद्दपार केलेल्यांपैकी होते.

कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायल ज्यू, म्हणजे जुने 'शनवार तेली', यांच्यापर्यंत हा संहार पोहोचला नाही. १९४८ नंतर त्यांतले बरेच जण इस्रायलला गेले, आणि तिथल्या शाळांत त्यांची मुले हा इतिहास आपला म्हणून शिकली. लोद, दिमोना, अश्दोदच्या या मराठी घरांकडे विदर्भातल्या शिक्षकाचे लक्ष क्वचितच जाते.

हिटलरचे आकर्षण. रेल्वे स्थानकांवरच्या पुस्तकगाड्यांवर हिटलरचा 'माझा लढा' आजही यशस्वी माणसांच्या चरित्रांशेजारी मांडलेला असतो. ऑगस्ट २००६ मध्ये नवी मुंबईत खारघरला 'हिटलर्स क्रॉस' नावाचे उपाहारगृह उघडले आणि ज्यू समाजाच्या निषेधानंतर नाव बदलले. मालक ज्यूद्वेष्टा होता असे मानण्याचे कारण नाही. त्याला लक्ष वेधणारे नाव हवे होते, आणि अडचण नेमकी तीच. 'हिटलर शिस्तीचा होता' हे वाक्य स्टाफरूममध्येही ऐकू येते. वि. ग. कानिटकरांच्या 'नाझी भस्मासुराचा उदयास्त'ने मराठी वाचकांच्या पिढ्यांना हा काळ सांगितला, पण त्याचा मध्यबिंदू साहजिकच सत्तेकडे आहे. बळींच्या बाजूने बोलणारे सर्वांत सुलभ पुस्तक म्हणजे ॲन फ्रँकची रोजनिशी. ती मराठीत आहे.

पद्धत. मुलांना ज्यू आणि पहारेकरी बनवून नाटुकले बसवणे टाळावे, याबाबत जाणकारांत एकमत आहे. नाटकाची हौस असलेल्या भंडाऱ्याच्या झाडीपट्टी भागात हे आवर्जून सांगावे लागते. छावण्यांची छायाचित्रे नववीच्या आधी दाखवू नयेत. रोजनिशी सातवीलाही चालते, मात्र ती १ ऑगस्ट १९४४ ला थांबते. तिच्यात छावणी नाही. अटक, आउशवित्झ आणि १९४५ मधला बेर्गेन-बेल्सेनचा मृत्यू शिक्षकाला स्वतः सांगावा लागतो, आणि त्यासाठी दुसरा तास राखून ठेवावा लागतो.