काडतुसावरची चरबी : पुसता आली, पण उशिरा

शाळेच्या इतिहासात एक वाक्य आपण सगळ्यांनीच पाठ केलंय. काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावली होती, म्हणून १८५७ चा उठाव झाला. परीक्षेत या वाक्याला एक गुण मिळायचा आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळायचो. एक साधा प्रश्न मात्र वर्गात कुणी विचारलाच नाही. मुळात बंदुकीच्या गोळीला चरबी लावायचीच कशाला?

उत्तर दारूत आहे. त्या काळची बंदुकीची काळी दारू धड जळायची नाही. जळाल्यावर तिचा निम्म्याहून जास्त भाग काजळी आणि क्षार होऊन मागे उरायचा. नळीत त्याचा थर बसायचा. जुन्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत आणि गोळी सैल असायची, त्यामुळे काम भागून जायचं. पण नेम कुठे लागेल याचा भरवसा नसायचा.

मग रायफल आली. हिच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात. आट्यांत घट्ट बसलेली गोळी भिंगरीसारखी फिरत बाहेर पडते आणि सरळ जाते. अडचण अशी की घट्ट गोळी नळीच्या तोंडातून ठासायला फार वेळ लागायचा. १८४९ साली मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने यावर तोडगा काढला. शिशाची निमुळती गोळी, बुडाशी पोकळ. भरताना ती सैल असते. बार उडाला की बूड फुगतं आणि आट्यांत गच्च बसतं. याच तत्त्वावर ब्रिटिशांनी १८५३ ची एन्फिल्ड रायफल आणली. तिच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच होता.

पण चार-सहा बार झाले की काजळीने नळी अरुंद व्हायची आणि पुढची गोळी अडायची. म्हणून वंगण हवं. ते काजळी मऊ ठेवतं आणि गोळी सरकवतं. एन्फिल्डचं काडतूस म्हणजे कागदाची पुंगळी. एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला गोळी. गोळीकडचं टोक चरबी आणि मेणाच्या मिश्रणात बुडवलेलं. शिपायाने दारूकडचं टोक दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, मग वंगण लावलेली गोळी कागदासकट आत घालून गजाने ठासायची.

नीट पाहा. चरबी एका टोकाला आणि दात दुसऱ्या टोकाला. कागदावर सगळं चोख होतं. पण उन्हाळ्यात, कमरेच्या पेटीत एकमेकांना खेटून बसलेल्या काडतुसांवरची चरबी आपल्या जागीच राहील, अशी हमी कोण देणार? वंगणाची ही खोड आजही गेलेली नाही. अमेरिकेत हौसेने घरी शिशाच्या गोळ्या ओतणारे लोक काडतूस तयार झालं की बाहेर आलेलं जास्तीचं वंगण फडक्याने पुसून काढतात. नाहीतर त्यावर धूळ बसते आणि बंदुकीत चिकटा साचतो. त्यांच्यासाठी प्रश्न तिथेच संपतो. बंगाल आर्मीतल्या शिपायासाठी तो तिथून सुरू होत होता.

कंपनी सरकारला याची कल्पना नव्हती असंही नाही. १८५३ सालीच काही वंगण लावलेली काडतुसं इंग्लंडहून भारतात आली होती. इथल्या हवेत वंगण टिकतं का, एवढंच पाहायचं होतं. तेव्हा बंगाल आर्मीचे अॅडज्युटंट जनरल टकर यांनी लेखी इशारा दिला होता, की शिपायांच्या धर्मभावना दुखावणार नाहीत असं वंगण असल्याची खात्री झाल्याशिवाय ही काडतुसं देशी पलटणींना देऊ नयेत. इशारा दप्तरात राहिला. पुढे भारतात काडतुसं बनू लागली तेव्हा वापरलेली चरबी नेमकी कोणत्या जनावराची, याची खास काळजी कुणी घेतली नाही. हवेत वंगण टिकतं का, हे तपासलं गेलं. माणसांत टिकेल का, हे नाही.

जानेवारी १८५७. कलकत्त्याजवळच्या डमडमला दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे लोट्यातून पाणी मागितलं. शिपायाने जातीवरून नकार दिला. त्यावर खलाशी म्हणाला, थांबा, लवकरच गाईची आणि डुकराची चरबी लावलेली काडतुसं दातांनी तोडाल, मग कसली जात! ही हकिकत वरिष्ठांपर्यंत गेली. तोवर नव्या रायफलीच्या प्रशिक्षण केंद्रांतले शिपाई प्रत्यक्ष काडतूस भरण्यापर्यंत पोचलेही नव्हते.

सरकार हललं, आणि तसं लवकरच हललं. जानेवारी संपण्याआधी आदेश निघाला, की शिपायांना वंगण न लावलेली काडतुसं द्या, हवं ते वंगण त्यांनी स्वतः लावावं. मार्चमध्ये कवायतच बदलली, दातांऐवजी हाताने फाडायला परवानगी मिळाली. चरबी काडतुसावरून खरोखर पुसली गेली.

पण संशय तोवर कागदावर सरकला होता. नवा कागद चकाकतो कसा? जाळला की चुरचुरतो का? फेब्रुवारीत बराकपूरच्या चौकशीत शिपायांनी हेच सांगितलं. कागद रासायनिक तपासणीला गेला, त्यात चरबी सापडली नाही. तरी कुणाचं समाधान झालं नाही. त्याच महिन्यात बेहरामपूरला १९ व्या पलटणीने काडतुसं नाकारली. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे उभा राहिला. २४ एप्रिलला मीरतमध्ये ९० पैकी ८५ घोडेस्वारांनी काडतुसांना हात लावला नाही. ती तर जुनीच, चरबी नसलेली काडतुसं होती! ९ मे रोजी साऱ्या पलटणींसमोर त्या ८५ जणांना बेड्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी मीरत पेटलं.

आपल्या मराठीत या अफवेचा एक जिवंत साक्षीदार आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले होते. महूजवळ त्यांना शिपाई भेटले आणि काडतुसांची हकिकत त्यांच्या कानी आली. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये गोष्ट चरबीवर थांबत नाही. साहेबलोकांनी धर्म बुडवायला चौऱ्याऐंशी कलमांची यादीच केल्याचं तिथे येतं. अशी यादी कुठल्या दप्तरात नव्हती. पण १८५६ साली अवध खालसा झालं होतं. बंगाल आर्मीतले कितीतरी शिपाई त्याच मुलखातले. त्याच वर्षी नव्या भरतीला समुद्रापार जाण्याची अट आली. इतकं सगळं न विचारता करणारं सरकार काडतुसाबद्दल तेवढं खरं बोलतंय, असं कुणी का मानावं?

म्हणून ‘अडाणी शिपाई अफवेला भुलले’ हे इंग्रजी वाक्य मला पटत नाही. शिपायांचा पहिला प्रश्न रास्त होता, कारण चरबी कसली हे साहेबालाही सांगता येत नव्हतं. टकरचं पत्र १८५३ सालीच मनावर घेतलं असतं, तर मधमाशीचं मेण आणि तेल यांवर काम भागलं असतं. चार वर्षांनंतर सरकारने तेच देऊ केलं. पण तोपर्यंत देणाऱ्याच्या हातावरच कुणाचा विश्वास उरला नव्हता.