‘स्टॅटिक’, मुक्काम पोस्ट ठाणे

बीसीएला असलेल्या भाचीच्या लॅपटॉपवर जावाने चूक दाखवली होती: नॉन-स्टॅटिक मेथड स्टॅटिक संदर्भातून वापरता येत नाही. तिने विचारलं, “मामा, मेथड तर चालते, मग ती स्थिर कशी?” उत्तर सुचेना, म्हणून शब्दकोश उघडला आणि तिथेच अडकलो.

‘स्टॅटिक’ आला ‘उभं करणं’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासून. ‘इन्स्टन्स’ आला लॅटिन ‘स्तारे’पासून, म्हणजे उभं राहणं. दोघांचं मूळ एकच आणि त्याच मुळाचा आपल्याकडचा फाटा म्हणजे संस्कृत ‘स्था’. स्थिर, स्थिती, संस्था, शिवाय ‘स्थान’वरून झालेलं ठाणे. ऑब्जेक्टची ‘स्टेट’सुद्धा याच घरातली. कम्पायलर ज्यांना एकमेकांच्या वाऱ्याला उभं करत नाही, ते सगळे भाऊबंद निघाले!

स्टॅटिक मेथड आणि ऑब्जेक्टची म्हणजे इन्स्टन्सची मेथड यांतला फरक साधा आहे. वर्गमूळ काढायला ऑब्जेक्ट लागत नाही. थेट ‘मॅथ’ या क्लासच्या नावाने हाक मारायची. शिल्लक विचारायची तर मात्र अमुक एक खातं समोर हवं. क्लास ओस्लोच्या सिम्युला या भाषेतून आले. स्मॉलटॉक-80 मध्ये क्लास स्वतःच ऑब्जेक्ट असल्याने त्यालाही निरोप धाडता येई. मग ‘स्टॅटिक’ मध्येच कुठून घुसला?

वर्गात शिकवतात की मेमरीतली जागा पक्की, म्हणून स्टॅटिक. व्हेरिएबलपुरतं ते खरं. पण मेथडीचा कोड तसा एकाच जागी असतो, ती इन्स्टन्सची असली तरी. दुसरा पक्ष म्हणतो, कोणती मेथड चालवायची ते कम्पायलरच आधी ठरवतो, म्हणून. तेही टिकत नाही: सी++मध्ये व्हर्च्युअल नसलेल्या इन्स्टन्स मेथडींचंही तसंच ठरतं.

माझं मत विचाराल तर हा उसनवारीचा मामला आहे. सी भाषेत ‘स्टॅटिक’ होताच, एका शब्दावर दोन कामं: फंक्शन संपलं तरी व्हेरिएबल टिकवायचं आणि नाव फाइलबाहेर जाऊ द्यायचं नाही. बियार्न स्ट्राउस्ट्रुप यांच्या सी++मध्ये क्लासच्या सामाईक व्हेरिएबललाही तोच चिकटला. मेथडीला तशी सोय नव्हती, तेव्हा लोक शून्य पत्त्यावर ऑब्जेक्ट असल्याची थाप कम्पायलरला मारून मेथड बोलवत. 1989 च्या 2.0 आवृत्तीत ही लबाडी संपली, स्टॅटिक मेथडी आल्या. नवा राखीव शब्द काढावा तर ज्यांनी तो नाव म्हणून वापरलेला, त्यांचे जुने प्रोग्रॅम मोडणार. त्यापेक्षा घरातलाच कामाला लावलेला बरा.

1995 मध्ये आलेल्या जावाला सांभाळायला जुने प्रोग्रॅम नव्हते, तरी तिने तोच शब्द उचलला. ऑब्जेक्टिव्ह-सीने त्याआधीच हा प्रश्न दोन चिन्हांत मिटवला होता: क्लासच्या मेथडीपुढे अधिक, इन्स्टन्सच्या मेथडीपुढे उणे. मला तेच पटतं. तिथे कुठल्याच मामाला शब्दकोश काढावा लागत नाही.